लाल काच, हिरवी काच

रोक्कासेल्वाच्या किल्ल्यात बारा दिवसांत सिनेमा पुरा करायचा, असं ठरलं होतं. अकरा दिवसांत एकशे शहाऐंशी शॉट झाले. बाराव्या दिवशी एकच उरला. पण वितरकांनी सिनेमा घेतला होता तो या एका शॉटचं वर्णन ऐकून.

सिनेमाचं नाव ‘थॉर्नलीची काउंटेस’. काउंटेस आरशासमोर बसलेली आहे, तिशीची, देखणी. नोकराला ती आज्ञा देते, आरशात बघते, आणि बघता बघता तिथेच बसल्या जागी नव्वद वर्षांची होते. मध्ये कात्री नाही, धूर नाही, तोंडावर हात नाही. एकाच शॉटमध्ये.

एर्सिलिया मोंतानारी वही सांभाळायची. गळ्यात स्टॉपवॉच, कानामागे पेन्सिल, मांडीवर जाड वही. कुठल्या शॉटमध्ये मेणबत्ती किती बोटं जळली होती, नटीची बट कुठल्या कानामागे होती, दाराची कडी कुणी कुठल्या हाताने काढली, हे सगळं त्या वहीत उतरायचं. काम थांबलं तर किती मिनिटं आणि कुणामुळे, हेही. एकोणीस वर्षांत तिने न पाहिलेली गोष्ट लिहिली नव्हती आणि पाहिलेली गाळली नव्हती. दिग्दर्शक आपसात भांडायला लागले की शेवटी कुणीतरी म्हणायचं, “एर्सिलियाबाईंची वही आणा.” वही आली की भांडण संपायचं.

त्या वहीत एक गोष्ट मात्र तिला पहिल्या दिवसापासून खुपत होती. नावं. एकसष्ट सालच्या त्या हिवाळ्यात इटालियन माणसाने पडद्यावर आणलेल्या भुताला इटलीत कुणी घाबरत नसे. भुतं इंग्लंडातूनच यायला हवीत, अशी लोकांची समजूत. त्यामुळे रोमच्या गल्लीबोळात जन्मलेल्या सगळ्या मंडळींना इंग्रजी नावं मिळाली होती. दिग्दर्शक उबाल्दो पेरीनी झाले विल्यम हेस्टिंग्ज. स्वतः एर्सिलिया झाली एलिझाबेथ मूर. आणि कॅमेरामन ओरेस्ते क्वाद्री, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, ते झाले हेन्री स्टोन. वहीतही हीच नावं लिहायची, असा निर्मिती-व्यवस्थापक ग्वाल्तिएरोचा हुकूम होता.

“हेन्री म्हणून हाक मारली तर मास्तर वळूनही बघत नाहीत,” ती एकदा ग्वाल्तिएरोला म्हणाली होती.

“त्यांनी वळू नये, बाई. तिकीट काढणाऱ्याने वळावं.”

मास्तर चौसष्ट वर्षांचे. किडकिडीत, खांद्यावर कायम एक लोकरी शाल, बोटांची टोकं दिव्यांनी भाजून कडक झालेली. पुठ्ठा, जुनी जाळी आणि रबराचा चीक एवढ्यावर त्यांनी या किल्ल्यात तळघर उभं केलं होतं, थडगी उभी केली होती. किल्ल्याची मालकीण म्हातारी मार्केसा कुणालाच दिसत नसे. पूर्वेकडचे तीन दरवाजे उघडायचे नाहीत आणि बाराव्या दिवशी सूर्यास्ताला बाहेर पडायचं, एवढ्या दोन अटींवर तिने जागा दिली होती. चाव्यांचा जुडगा घेऊन तिचा कारभारी नझारेनो दिवसभर मागे मागे फिरायचा. पहिल्या आठवड्यात तो कुणाशी बोललाही नाही. मग एका दुपारी मास्तरांनी त्याच्या डोळ्यांदेखत एक साधी भिंत घेतली, खाली एक दिवा ठेवला, वर वेताची एक मोडकी टोपली टांगली, आणि भिंतीवर तुरुंगाचे गज उभे राहिले. तेव्हापासून तो मास्तरांच्या पाठीमागे सावलीसारखा असायचा.

“चाळीस वर्षं मी या भिंतीवरून झाडू फिरवतोय,” तो एर्सिलियाला म्हणाला. “ही अशी वाईट दिसू शकते हे आम्हाला माहीतच नव्हतं.”

बाराव्या दिवशी सकाळी दिवाणखान्याच्या खिडक्या काळ्या कापडाने झाकल्या. वांदा फेर्राती, सिनेमाची नायिका, आरशासमोर बसली. मेकअपवाला अम्लेतो दोन तास तिच्या चेहऱ्यावर लाल कांडीने रेघा ओढत होता. डोळ्यांभोवती, ओठांवर, गळ्यावर, जाळं विणावं तशा. युक्ती साधी होती. दिव्यासमोर लाल काच धरली की लाल रेघा दिसत नाहीत, चेहरा कोवळा राहतो. तीच हिरवी धरली की रेघा काळ्याभोर होऊन वर येतात. मास्तरांनी हातभर लांबीची एक काच स्वतः रंगवली होती. एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला हिरवी, मध्ये दोन्ही एकमेकांत विरत गेलेले. ती दिव्यासमोरून इतक्या हळू सरकवायची की बघणाऱ्याला काच कळू नये, फक्त वय कळावं. सिनेमा काळा-पांढरा, त्यामुळे रंग पडद्यावर येणार नव्हते. युक्ती सगळ्यांना ठाऊक होती. ती सरकवणारा हात एकच होता.

“खुर्ची फार उजळ आहे,” मास्तर म्हणाले. “तिच्यावर काहीतरी मळकट राखाडी टाकायला हवं. नझारेनो, तुमच्याकडे आहे काही?”

नझारेनोने जुडगा चाचपला, जरा घुटमळला, आणि मास्तरांना घेऊन पूर्वेकडच्या तीन दरवाजांपैकी एक उघडायला गेला. अकरा दिवसांत ते कुणासाठीही उघडले नव्हते. दहा मिनिटांनी दोघं परत आले. मास्तरांच्या हातावर त्यांनी स्वतः निवडलेलं, घडी घातलेलं जड जुनं कापड होतं.

“हे बघा,” ते खुशीत म्हणाले आणि कापड झटकून उलगडलं. “काय राखाडी आहे! पडद्यावर राखेसारखं दिसेल. नाही का?”

सुताराची हातोडी थांबली. आवाज नंतर रोमला भरायचे असल्यामुळे त्या सेटवर दिवसभर ठोकाठोक, आरडाओरडा, शिट्ट्या चालायच्या. कुणी कधी गप्प बसत नसे. आता एकदम सगळं गप्प झालं.

कापड जांभळं होतं. पिकल्या अंजिराच्या सालीसारखं गडद जांभळं. ईस्टरआधीच्या उपासाच्या चाळीस दिवसांत चर्चमधल्या क्रुसावर घालतात ते. पूर्वी त्या दिवसांत नाटकं बंद असायची, नटांच्या चुली पेटत नसत. तेव्हापासून रंगमंचावर काय आणि सेटवर काय, त्या रंगाची चिंधीसुद्धा कुणी येऊ देत नाही. अपशकुन टळावा म्हणून एका दिवेवाल्याने तिवईच्या लोखंडाला हात लावला. दुसऱ्याने खिशातली किल्ली घट्ट धरली.

वांदा ताडकन उठली. “हे कुणी आणलं? कुणाच्या डोक्यातून आलं हे?”

मास्तर हसरा चेहरा घेऊन तसेच उभे होते. फक्त हसू जागच्या जागी थिजलं होतं. काहीतरी बिघडलंय हे त्यांना शांततेवरून कळलं होतं, पण काय ते कळलं नव्हतं. त्यांनी कापड जरा जवळ घेतलं, मग लांब धरलं.

एर्सिलियाने ते पाहिलं. चाळीस वर्षं सेटवर काढलेला माणूस जाणूनबुजून जांभळं आणणार नाही. त्यांना ते दिसलंच नव्हतं. मग गेल्या अकरा दिवसांतल्या बारीकसारीक गोष्टी एकेक करून तिच्यासमोर आल्या. मास्तर सिगारेटचं पाकीट रंगावरून नाही, हात लावून ओळखायचे. जेवणाच्या पेटीतली लाल वाईन की पांढरी, हे वास घेऊन ठरवायचे. तिने हे सगळं पाहिलं होतं. लिहिण्याचं तिच्या मनात आलं नव्हतं, कारण वहीत तसा रकानाच नव्हता.

ग्वाल्तिएरो दाराशी उभा होता. काटेकोर माणूस, उगाच आवाज चढवत नसे. त्याची नजर कापडावरून मास्तरांच्या डोळ्यांवर गेली आणि तिथेच राहिली.

“मास्तर, हे काय?” त्याने विचारलं.

“माझी चूक,” एर्सिलिया म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

“मीच मास्तरांना हे आणायला सांगितलं. सत्तावीस नंबरच्या शॉटमध्ये त्या खुर्चीवर याच छटेचं कापड आहे, तिच्याशी जुळवायला हवं होतं. काळ्या-पांढऱ्यात जांभळं राखाडीच दिसतं. रंगाचं माझ्या लक्षातच आलं नाही.”

“तुमच्या लक्षात आलं नाही?” ग्वाल्तिएरो म्हणाला. “तुमच्या?”

“माझ्या.”

“बाई, तुम्ही रोमच्या आहात की चंद्रावरच्या?” वांदा कडाडली. “आज माझा चेहरा म्हातारा करायचाय, आणि तुम्ही मला सरळ कफनच आणून देताय! मला तुम्ही समोर नकोत. शॉट होईपर्यंत मला तुमचं नाकसुद्धा दिसता कामा नये!”

“नाही दिसणार.”

“आणि आधी लोखंडाला हात लावा!”

एर्सिलियाने नझारेनोच्या जुडग्यातली मोठी किल्ली धरली. नझारेनोने मान खाली घालून कापडाची घडी केली आणि छातीशी धरून नेलं. खुर्चीवर सुतारांचं करडं घोंगडं पडलं.

ग्वाल्तिएरोचं समाधान झालं नव्हतं. तो दिव्यापाशी गेला. तिथल्या पेटीत जोडीने ठेवलेल्या तळहाताएवढ्या काचा होत्या. त्याने दोन उचलल्या.

“मास्तर, जरा बघू. यातली लाल कुठली?”

एर्सिलियाने वही मिटली. पुढे व्हावं तर गोष्ट उघडी पडणार, मागे राहावं तरी पडणारच. एकदा पडली की संपलं. ग्वाल्तिएरो खाली गावातल्या बारमध्ये जाऊन रोमला फोन लावणार. संध्याकाळपर्यंत सगळ्या शहराला कळणार की क्वाद्रीचे डोळे गेले. मग हा शॉट नाही, पुढचा सिनेमा नाही, काहीच नाही.

मास्तरांनी दोन्ही काचा हातात घेतल्या. अंगठा एकीच्या कडेवरून फिरला, मग दुसरीच्या.

“ही,” ते म्हणाले आणि लाल पुढे केली. “का हो? तुम्हाला ओळखता येत नाही का?”

दिवेवाले हसले. ग्वाल्तिएरो हसला नाही. पण त्याला फोनही करता येईना. “काच रेन्झो सरकवेल,” तो म्हणाला. रेन्झो मास्तरांचा सहायक, तिशीचा, भक्कम खांद्यांचा. “तुम्ही शेजारी उभे राहा. फिल्म एकाच टेकपुरती आहे.”

रेन्झोने आपले हात पुसले, काचेकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं. “साहेब, माझ्याकडून झालं तर ते वय वाढणं दिसणार नाही. फक्त दिवा हललेला दिसेल. मला ओझं उचलायला सांगा, दिवसभर उचलतो. हे नाही जमायचं.”

“शिकला नाहीस?”

“सात वर्षं शिकतोय.”

ग्वाल्तिएरोने घड्याळ पाहिलं. सूर्यास्ताला पावणेतीन तास होते. “बरं. सरकवा तुम्हीच. पण टेक फुकट गेला तर मग कुणी मध्ये बोलायचं नाही. तुम्हीही नाही, बाई.”

वांदाच्या हुकुमाप्रमाणे एर्सिलिया मोठ्या दिव्यामागे जमिनीवर, तारांच्या भेंडोळ्यात बसली. समोर दिव्याच्या पायांमधून वांदाचा चेहरा नीट दिसत होता. शेजारी मास्तरांचे जोडे, आणि मान वर केली की त्यांचे हात आणि चेहरा.

“एर्सिलिया,” वरून हलका आवाज आला.

“मास्तर.”

“लाल टोक लावतोय. तुला रंग विचारत नाही. एवढंच सांग, रेघ दिसते की नाही?”

त्यांनी ते कबूल केलं नव्हतं आणि तिनेही काही विचारलं नव्हतं. काच सरकल्याचा आवाज आला. वांदाचा चेहरा कोरा झाला, धुतल्यासारखा. एर्सिलियाने डोळ्यांत तेल घालून पाहिलं.

“कपाळ साफ. गाल साफ. गळा साफ. नाकाच्या डाव्या बाजूला एक दिसते. ओठाकडे येणारी.”

“अम्लेतो!” रेन्झोने हाक मारली. “नाकाजवळ रंग चुकलाय.”

“काही चुकलेला नाही!” अम्लेतो तणतणला. “सगळीकडे एकच कांडी आहे. तुझं नाक चुकलं असेल.”

“त्याला हात लावू देऊ नकोस,” मास्तर म्हणाले. “ती रंगाची रेघ नाही. सावली आहे. डावीकडचा लहान दिवा चार बोटं खाली घ्या.”

दिवा खाली आला. रेघ गेली.

“गेली,” एर्सिलिया म्हणाली. मग तिला राहवलं नाही. “तुम्हाला कसं कळलं?”

“वांदाच्या नाकावर मी सतरा वर्षं उजेड टाकतोय. ते जरा डावीकडे झुकलेलं आहे. तिला सांगू नकोस.”

“मास्तर, मला ऐकू येतं हं!” वांदा आरशासमोरून म्हणाली.

हशा पिकला. त्या हशात सकाळपासूनचा ताण थोडा सैलावला. दिग्दर्शक पेरीनींनी हात वर केला. कॅमेरा फिरायला लागला. एर्सिलियाने स्टॉपवॉच दाबलं.

दिग्दर्शक नेहमीसारखे ओरडत होते. “वांदा, हुकूम दे! आता हस! आता आरसा!” वांदाने मान वळवली. आणि वर, दिव्यापाशी, मास्तर पुटपुटायला लागले. “नमो मारिये, कृपापूर्णे...”

एर्सिलियाला आधी वाटलं, भीतीने देवाचं नाव घेतायत. मग तिच्या ध्यानात आलं की हे मोजमाप आहे. प्रार्थनेच्या एकेका शब्दाला काच नखभर पुढे जात होती. त्यांच्या नजरेचा यात काही संबंधच नव्हता. त्यांनी डोळे मिटले होते. डाव्या हाताची बोटं काचेच्या कडेवर होती. तिथे कडेला बारीक खाचा होत्या, एकेक खाच अंगठ्याखालून जात होती. हिरव्या काचेतून उजेड कमी येतो, म्हणून दुसरी प्रार्थना सुरू होताच त्यांनी रेन्झोच्या खांद्यावर उजवं कोपर टेकवलं, आणि रेन्झो दिव्याची गाडी तसूतसूने पुढे ढकलू लागला. उजवा पंजा त्यांनी दिव्यासमोर हवेत धरला होता, धग जोखत. धग वाढली की कोपर उचलायचं, कमी झाली की टेकवायचं.

समोर वांदाच्या डोळ्यांखाली काहीतरी गोळा झालं. आधी जागरणासारखं. मग आजारपणासारखं. गालांत खड्डे उतरले. गळ्यावर जाळं चढलं. ओठ आत गेले. ती आरशात बघत होती आणि तिचं हसू अजून तिशीचंच होतं, त्यामुळे ते जास्तच वाईट दिसत होतं. कुठे सुरुवात झाली ते एर्सिलियाला सांगता आलं नसतं. एकोणीस वर्षं ती नेमका हाच प्रश्न विचारत आली होती, नेमकं कधी, नेमकं कुठे. आज तिला उत्तर देता येत नव्हतं, आणि एखादं काम इतकं चोख होऊ शकतं याचं तिला नवल वाटत होतं.

पेरीनी ओरडायचे थांबले होते. हातोडी थांबली होती. आवाज भरायचा नसलेल्या त्या सेटवर, कुणीही न सांगता, दुसऱ्यांदा सगळे गप्प झाले. फक्त कॅमेऱ्याची घरघर आणि मास्तरांची तिसरी प्रार्थना. “...आता आणि आमच्या मरणाच्या वेळी. आमेन.”

काच थांबली. आरशासमोर नव्वद वर्षांची बाई बसली होती.

“कट,” पेरीनी म्हणाले, जवळजवळ कुजबुजत.

दाराशी नझारेनोने छातीवर क्रुसाची खूण केली. “आमच्या मार्केसाबाई हुबेहूब अशाच दिसतात,” तो म्हणाला. मग आपण काय बोलून गेलो ते उमगून त्याने जीभ चावली आणि जुडगा खळखळवत निघून गेला.

मग टाळ्या सुरू झाल्या. वांदा उठली, सरळ दिव्यामागे आली आणि तारांत बसलेल्या एर्सिलियाकडे बघत म्हणाली, “आता दिसलात तरी चालेल.” मास्तरांच्या दोन्ही गालांचे तिने मुके घेतले, त्यामुळे त्यांचेही गाल लाल झाले.

गर्दी पांगल्यावर मास्तर एर्सिलियाशेजारी पेटीवर टेकले. बोटांवर फोड आले होते. त्यांनी ती शालीत गुंडाळली.

“ते कापड,” ते म्हणाले. “कुठल्या रंगाचं होतं?”

“जांभळं.”

मास्तरांनी चटकन वाकून तिवईचं लोखंड धरलं. बराच वेळ सोडलं नाही. “चाळीस वर्षांत कधी असं झालं नव्हतं,” ते म्हणाले. “आणि तू अंगावर घेतलंस?”

“सत्तावीस नंबरच्या शॉटमध्ये खुर्चीच नाही,” एर्सिलिया म्हणाली. “कुणी वही मागितली नाही हे नशीब.”

आता ती वही तिच्या मांडीवर होती, आणि रकाना रिकामा होता. काम पंचवीस मिनिटं थांबलं. कारण. जबाबदार व्यक्ती. तोंडाने बोललेलं हवेत जातं. हे राहणार होतं. तिने पेन्सिलला टोक केलं, पुन्हा केलं, आणि लिहिलं: कारण, सेटवर जांभळं कापड. जबाबदार, एर्सिलिया मोंतानारी. एलिझाबेथ मूर लिहिणं सोपं गेलं असतं, पण खोटंच लिहायचं तर ते निदान स्वतःच्या नावावर असावं, असं तिला वाटलं. त्याखाली: शॉट एकशे सत्याऐंशी, टेक पहिला, एक्केचाळीस सेकंद, उत्तम. दिवा आणि काच, ओरेस्ते क्वाद्री, स्वतःच्या हाताने.

ग्वाल्तिएरो सही करायला आला. त्याने वही घेतली, उभ्या उभ्या वाचली. वरच्या ओळीशी थांबला. मास्तर खिडकीवरचं काळं कापड काढायला लावत होते. बाहेरचा उतरता उजेड आत आला तशी त्यांनी मान वर केली आणि डोळे बारीक करून त्या उजेडाकडे बघत राहिले.

“सत्तावीस नंबरचा शॉट मलाही आठवतो, बाई,” ग्वाल्तिएरो खाली बघतच म्हणाला.

एर्सिलियाने पेन्सिल कानामागे खोचली.

त्याने खिशातून पेन काढलं. “सिनेमा काळा-पांढरा आहे. त्याच्या वहीत जांभळा रंग कशाला हवा?” आणि कारणाची अख्खी ओळ त्याने एका सरळ रेघेने खोडली. बाजूला लिहिलं, ‘खुर्ची बदलली’. खाली सही केली.

“पुढचा सिनेमा मार्चमध्ये आहे,” तो म्हणाला. “त्याआधी यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन जा. माझं ऐकणार नाहीत.”

तो निघाला, मग दोन पावलं मागे आला. “आणि ते नाव. हेन्री स्टोन लिहायचं ठरलं होतं.”

“ते मी खोडणार नाही,” एर्सिलिया म्हणाली.

ग्वाल्तिएरोने क्षणभर तिच्याकडे पाहिलं, पेनला टोपण घातलं आणि सामान भरणाऱ्या माणसांना हाका मारत अंगणात गेला. सूर्यास्ताला अजून वीस मिनिटं होती.